उजव्या चाकावरची काळी भुकटी

माझी गाडी २०१४ ची स्विफ्ट, अलॉय व्हीलवाली, तीन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. पांढरा रंग आहे त्यामुळं धुतली की एकदम चकाचक दिसते, पण पुढची दोन चाकं कितीही धुवा, चुलीजवळच्या भिंतीसारखी काळपट तांबूसच. मागची दोन बरी असायची. मला बरेच दिवस वाटायचं की आपल्या सोलापूरची धूळच तशी, विजापूर रोडला आमच्याकडं कायम खोदकाम चालू, उन्हाळ्यात वारं सुटलं की घरातल्या फरशीवर पण थर बसतो, मग चाकाचं काय घेऊन बसलात. पण रस्त्याची धूळ असती तर चारी चाकांवर सारखीच बसली असती ना. हा विचार मी दोन वर्षं केलाच नाही आणि त्यापायी एक चाक खराब झालं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. आईला घेऊन तुळजापूरला गेलो होतो. येताना घाट उतरताना पुढं सिमेंटचा बल्कर, ओव्हरटेकला जागा नाही, त्यामुळं अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलो आणि खाली आल्यावर गाडीत जळका वास यायला लागला. आईनं विचारलं पण, काय जळतंय रे. म्हणलं बल्करचं असेल. सोलापुरात शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले, ऊन ४२ च्या आसपास, आईला घरी सोडलं आणि गर्दी नसते म्हणून तसाच एका वॉशिंग सेंटरवर गेलो. उतरून बघतो तर उजव्या पुढच्या चाकाजवळ नुसता पाय नेला तरी धग लागत होती. डाव्याला तसं काही नव्हतं. ही गोष्ट मी बघितली आणि सोडून दिली, ती सोडायला नको होती, पुढं सांगतो का ते.

तिथल्या पोरानं त्या तापलेल्या चाकावर आधी गार पाण्याचं प्रेशर मारलं, वाफच निघाली. मग एक बिनलेबलचा कॅन आणला, मगमध्ये ओतला आणि ब्रशनं चाकाला फासायला सुरुवात केली. फासल्याबरोबर सोड्यासारखं फसफसलं आणि नाकाला झोंबणारा वास. चाक मात्र नव्यासारखं निघालं, खरंच सांगतो, मी खूश होऊन त्या पोराला वीस रुपये जास्त दिले. तिसऱ्या दिवशी उजव्या चाकावर रुपयाएवढे चार-पाच पांढुरके डाग, हात लावला तर खरखरीत, आणि एका ठिकाणी वरची पारदर्शक लॅकर पापुद्र्यासारखी उचललेली. परत जाऊन दाखवलं तर म्हणाले ॲसिड आहे ते, सगळेच मारतात साहेब. मला डागाचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त त्या पोराच्या बोटांचं. हातात ग्लोव्हज नाहीत, पायात स्लिपर, आणि बोटांची कातडी टोकाला पांढरी पडून सोलवटलेली. ते बघून मी भांडायचं सोडून घरी आलो.

माझा मावसभाऊ चिंचोळी एमआयडीसीत केमिस्ट आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याला संध्याकाळी फोटो पाठवला तर लगेच फोन आला.

"का बे, चाकाला काय लावलंस?"

"दादा, वॉशिंगवाल्यानं ॲसिड मारलं."

"अरे ॲल्युमिनियम आहे ते. त्याला ॲसिड पण खातं आणि कॉस्टिक सोडा पण खातो, दोन्हीकडनं मरतंय ते. वरची लॅकर आहे तोवर ठीक, कुठं टवका उडाला असेल तर तिथनं आत शिरतं."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी जरा घाबरलोच. संडास-बाथरूमच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं ते एक वेळ कळतं तरी, लगेच चुरचुरतं आणि माणूस हात धुतो. पण चाकं धुवायला म्हणून जे सुट्टं विकतात त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराईड असतं, आणि ते पातळ असेल तर हाताला लागल्यावर लगेच काही जाणवतच नाही, काही तासांनी ठणका सुरू होतो, तोवर ते कातडीतून आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, अगदी हाडापर्यंत. त्याच्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात, पण ते आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये कुठं मिळणार. दादा म्हणाला बिनलेबलच्या कॅनला आयुष्यात हात लावू नको. मी दुसऱ्या दिवशी परत त्या सेंटरवर गेलो, त्या पोराला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि रबरी ग्लोव्हजची एक जोडी दिली. त्यानं घेतली. पुढं वापरतो का नाही माहीत नाही.

मग ती भुकटी नक्की आहे काय, हे दादानंच सांगितलं. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला घासतं, दोन्ही झिजतात. डिस्क ओतीव लोखंडाची, पॅडमध्ये रेझिन, कार्बन, धातूचा कीस असं मिश्रण, ह्या सगळ्याची बारीक पूड गरम गरम चाकावर उडते आणि चिकटते. पुढच्या ब्रेकला जास्त काम असतं कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, आणि माझ्या गाडीला मागं ड्रम ब्रेक, त्याची पूड ड्रममध्येच कोंडलेली राहते, म्हणून मागची चाकं स्वच्छ. लोखंडाचे कण लॅकरमध्ये रुतून बसतात, त्यावर पाणी पडलं की गंजतात, म्हणून तो तांबूस रंग साबणानं जात नाही.

मला खात्री करून बघायची होती. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पडलं होतं घरात, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि चाकाच्या आतल्या कोपऱ्यात साचलेल्या पुडीवरनं फिरवलं. पिशवीवर काळी लव उभी राहिली, अगदी सुरवंटाच्या अंगावर असते तशी. पोरीला दाखवलं, ती पाचवीत आहे, तिनं लगेच विचारलं, बाबा हे आपण नाकात पण घेतो का. घेतोच की. हे कण इतके बारीक की दिसत पण नाहीत, आणि जुन्या काळी ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं ज्यानं फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, आता बऱ्याच खोक्यांवर ॲस्बेस्टॉस फ्री छापलेलं असतं पण बाजारातल्या सुट्ट्या स्वस्त पॅडमध्ये काय आहे ते आपल्याला कसं कळणार. त्यामुळं मी एक नियमच करून टाकला की ही भुकटी सुकी असताना झाडायची नाही, फुंकायची नाही, हवेचा पाईप तर अजिबात मारायचा नाही. आधी भिजवायची, मगच हात लावायचा.

रविवारी सकाळी सहाला बसलो. रात्रभर गाडी उभी होती त्यामुळं चाक एकदम गार, आणि हे लई महत्त्वाचं आहे. गरम चाकावर केमिकल मारलं की लगेच वाळतं आणि डाग पाडतं, आणि तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर डिस्क वाकायची भीती असते, मग ब्रेक दाबला की स्टिअरिंगला थरथर येते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये नऊ वाजले की उन्हातल्या गाडीला हात लावता येत नाही, म्हणून सहा ते साडेसात हीच वेळ.

सामान असं होतं: घरात कोविडपासून पडलेला एन-९५ मास्क, नायट्राईलचे निळे ग्लोव्हज, ग्राइंडिंगवाले लावतात तसला साधा पारदर्शक चष्मा, दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, एक मऊ ब्रश, बाटली घासायचा लांब ब्रश, आणि आयर्न रिमूव्हर म्हणून जे मिळतं त्याची अर्धा लिटरची बाटली. ती घेताना मी लेबल वाचलं, ॲसिड-फ्री आणि पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना कॉस्टिक, असं लिहिलेलं बघून घेतलं. पुसायला टॉवेल. आता सोलापुरात राहून टॉवेल विकत घ्यायचा प्रश्नच नाही, शेजारचे काका टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांनी पिशवीभर कटपीस दिले. ते कटपीस मी फक्त चाकांनाच वापरतो, बॉडीला चुकूनही नाही, कारण त्यात अडकलेले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. चाकाची बादली, ब्रश, कापड सगळं वेगळं.

आधी नुसतं पाणी. प्रेशर नाही, पाईप हळू सोडून वरनं खाली, जेणेकरून भुकटी उडायच्या ऐवजी वाहून जाईल. काळं पाणी निघालं. मग शाम्पूच्या पाण्यानं एकदा धुऊन घेतलं, वरवरचा मळ गेला की औषध थेट लोखंडापर्यंत पोचतं. जादा पाणी निथळू दिलं आणि मग आयर्न रिमूव्हरचा फवारा.

पहिला अर्धा मिनिट काहीच झालं नाही. मग चाकाच्या एका स्पोकच्या, म्हणजे आऱ्याच्या बुडाशी बारीक जांभळा ठिपका दिसला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळीकडनं जांभळे ओघळ सुटले, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तोच रंग. जिथं मला चाक स्वच्छ वाटत होतं तिथनं पण ओघळ. त्यातलं थायोग्लायकोलेट नावाचं रसायन लोखंडाशी जुळलं की असा रंग येतो, म्हणजे जेवढं जांभळं तेवढं लोखंड सुटतंय. वास मात्र सडक्या अंड्यासारखा. माझी बहीण शेजारीच राहते, तिचं पार्लर आहे, ती गॅलरीतनं ओरडली, "अरे दादा, सकाळी सकाळी कुणाचं पर्मिंग करतोयस?" मला वाटलं मस्करी करतीये, पण खरंच केस कुरळे करायच्या औषधात अमोनियम थायोग्लायकोलेटच असतं, तिला तो वास रोजचा. तिनं खाली येऊन ग्लोव्हज घातलेत का ते बघितलं, कारण तिच्याकडं कामाला असलेल्या एका मुलीला त्या औषधानं हाताला पुरळ उठायचं.

बाटलीवर पाच मिनिटं लिहिलेलं पण आपल्या हवेत तीन मिनिटांतच कडेनं वाळायला लागतं, म्हणून चारी चाकांना एकदम मारू नका, एक चाक मारा, ब्रशनं घासा, धुवा, मग दुसरं. स्पोकच्या मागची बाजू बाटलीच्या ब्रशनं घासली. तिथं सगळ्यात जास्त माल बसलेला असतो आणि ब्रश जोरात ओढला की थेंब तोंडावर उडतात, चष्मा त्यासाठी. डाव्या चाकाला एक फवारा पुरला. उजव्याला तीन. तिसऱ्या वेळेला पण जांभळं येतच होतं.

पाण्याचं सांगायला पाहिजे. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळं गाडीला नळाचं, म्हणजे उजनी धरणाचं पाणी मी वापरत नाही, बोअरचंच. आणि बोअरचं पाणी एवढं जड की वाळलं की चाकावर पांढरे गोल गोल डाग, लोकांना वाटतं केमिकलचे डाग पडले. म्हणून शेवटचं पाणी मारलं की लगेच टॉवेलच्या तुकड्यानं कोरडं करायचं, आपोआप वाळायला सोडायचं नाही. दोन चाकांना मिळून चार बादल्या लागल्या. ते काळं-जांभळं पाणी मी तुळशीकडं किंवा आंब्याच्या आळ्यात जाऊ दिलं नाही, ड्रेनेजच्या जाळीजवळच गाडी लावली होती.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. डिस्कवर पाणी असतं, पहिला ब्रेक कमी लागतो. मी गल्लीतनं हळू दोन चकरा मारल्या, चार-पाच वेळा ब्रेक दाबला, डिस्क कोरडी झाली. कधी ओली राहिली तर सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसतो, त्याला घाबरायचं नाही, दोन-चार ब्रेकमध्ये घासून जातो. आणि टायर पॉलिश, वॅक्स, तेलकट काहीही डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर जाऊ द्यायचं नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

एवढं करून आठ दिवस झाले. ऑफिसला जायला-यायला सात रस्त्याच्या सिग्नलवरनं रोज बारा किलोमीटर, बास. पुढच्या रविवारी बघतो तर डावं चाक हलकं करडं, आणि उजवं पूर्वीसारखं काळं. ग्लोव्हज घालून दोन्हीवर एकेक बोट फिरवलं, डावं बोट राखाडी, उजवं काजळ लावल्यासारखं. तेव्हा मला तुळजापूरहून आल्यावरची ती धग आठवली. घाट संपून पुढं चाळीसेक किलोमीटर सरळ रस्ता होता, तोवर चाक गार व्हायला पाहिजे होतं, एकच का गरम राहिलं? दोन वर्षं मी ज्याला मळ समजत होतो तो कदाचित ब्रेकच झिजून बाहेर पडत होता.

सोमवारी बोरामणी नाक्याकडं चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचा साठीच्या पुढचे, आमच्या वडिलांच्या लूनापासून त्यांच्याकडं काम. त्यांनी उजवं चाक जॅकवर घेतलं आणि हातानं फिरवलं, फिरता फिरता एका ठिकाणी खरर्र करून अडकायचं. डावं सहज फिरलं. "पिन जाम झालीय बघा," असं म्हणून त्यांनी चाक काढलं. पॅड डिस्कवर दाबणारा जो कॅलिपर असतो तो दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो, त्यातल्या खालच्या पिनचं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन ग्रीस वाळलेलं आणि पिन गंजून धरलेली. त्यामुळं ब्रेक सोडला तरी आतलं पॅड डिस्कला घासतच राहायचं. बाहेरचं पॅड निम्मं शिल्लक होतं, आतलं जेमतेम दोन मिलीमीटर, तीनच्या खाली गेलं की बदलायचं असतं. आणखी हजारभर किलोमीटर काढले असते तर लोखंडाला लोखंड लागलं असतं, आणि पुढच्या महिन्यात आम्ही कोल्हापूरला जाणार होतो सगळे, आई, बायको, पोरगी. हे लिहिताना पण पोटात गोळा येतोय.

चाचांनी पॅड काढलं आणि पोऱ्याला म्हणाले हवा मार. त्यानं कंप्रेसरचा पाईप उचलला, मी जवळजवळ ओरडलोच, थांब थांब. सगळे बघायला लागले. माझ्या डिकीत फवाऱ्याची बाटली होती, शाम्पूच्या पाण्याची, ती आणली, कॅलिपर आणि आजूबाजूची सगळी पूड भिजवली, खाली जुनं घमेलं ठेवलं, काळं पाणी त्यात पडलं, मग कापडानं पुसलं. चाचा काही बोलले नाहीत, बघत होते. मग म्हणाले, चाळीस वर्षं हवा मारतोय, संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. मी त्यांना ॲस्बेस्टॉसचं सांगितलं, जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये काय असायचं ते सांगितलं. ते गप्प झाले. त्यांचा मोठा भाऊ पण मिस्त्रीच होता, दम्यानं गेला, तो कशानं झाला ते कुणालाच सांगता येणार नाही, पण त्यांच्या मनात तेच आलं असणार. फवाऱ्याची बाटली मी तिथंच ठेवून आलो.

पॅड दोन्ही चाकांचे बदलले, एकाच बाजूचे बदलत नाहीत, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एकीकडं ओढते. पिन साफ करून नवीन रबर, आणि ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं, साधं बेअरिंगचं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं आणि परत तेच होतं. चाक काढलेलंच होतं म्हणून आतली बाजू पण मी तिथंच घमेल्यात धुऊन घेतली. बसवताना नट समोरासमोरचे आवळले, एका ओळीनं नाही, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत पाना लावून बघितले.

चाचांनी आधीच सांगितलं होतं की नवीन पॅड बसेपर्यंत भुकटी जरा जास्त येते. तशी आली, पण दोन्हीकडं सारखी. आता मी पंधरा दिवसांतून एकदा नुसतं पाणी आणि शाम्पू, आयर्न रिमूव्हर तीन-चार महिन्यांतून एकदाच, कारण ते रोज वापरायचं औषध नाही आणि त्याच्या नादात लॅकर आणखी उतरवायची नाहीये. उजव्या चाकावरचे ते पांढरे डाग तसेच आहेत, पेंटवाला चाक उतरवून नवीन लॅकर मारायला सांगतोय, दिवाळीआधी करीन.

गेल्या आठवड्यात ऑइल बदलायला चाचांकडं गेलो होतो. तिथं एका जीपचा ड्रम उघडलेला आणि पोऱ्या खाली वाकून त्यावर फवारा मारत होता, बाटली तीच, माझीच, फक्त नोझल बदललेलं.